हललं की बाद

शनिवार, दि. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,

नमस्कार. तुम्ही सगळे खुशाल असाल. भाऊजींचा गुडघा कसा आहे? मी सांगितलेले व्यायाम ते करत नसणार, हे न विचारताही मला ठाऊक आहे.

वर्षभराने हिला आज पत्र लिहायचं कुठून सुचलं, असं तुला वाटेल. मला पंधरा दिवस सुट्टी मिळाली आहे. मिळाली म्हणजे शाळेने दिली आहे. फोनवर हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते.

बालवाडीतल्या मुलांना मी कसला योग शिकवते, असं तू एकदा हसून विचारलं होतंस. आसन म्हटलं की ती पळतात, म्हणून आम्ही खेळतो. ती एका पायावर झाडं होतात आणि मी वारा. बेडूक होऊन सतरंजीभर उड्या मारतात. पोटावर कापडी ससा ठेवून त्याला श्वासाने वरखाली करतात. शेवटी झोपलेला सिंह. डोळे मिटून पडायचं, हललं की बाद. बाईंचा हात कपाळाला लागला की मगच उठायचं.

परवा गुरुवारी त्यांच्याबरोबर मीही आडवी झाले. रोजच होते. त्या दिवशी माझा डोळा लागला.

पाऊण तास झोपले, ताई. मोठ्या बाईंनी खांदा हलवला तेव्हा जाग आली. निम्मी मुलं खरंच झोपली होती, चारपाच जणांनी सगळे ससे खिडकीत रांगेने बसवले होते. हसू येण्यासारखंच होतं. पण कोपऱ्यात एक मुलगी पडून होती, तिला सगळे भिंगरी म्हणतात. या मुलीचा पाय एरवी जमिनीला टेकत नाही. सकाळीच मी तिला म्हणाले होते की आज तूच जिंकायचंस. तिने डोळे घट्ट मिटले होते आणि तिच्याखालची सतरंजी ओली होती. मोठ्या बाईंनी उठ म्हटलं तरी ती उठेना. मी जाऊन कपाळाला हात लावला.

"बाई, मी जिंकले ना?" तिने विचारलं.

मी हो म्हणाले. मोठ्या बाई ओरडल्या नाहीत. घरी जा, झोप काढा, तिच्या आईशी मी बोलते, एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दमली असेल बिचारी, असं तू म्हणशील. थांब. खरं सांगायचं ते अजून राहिलंय.

आई बरी आहे, असं मी तुला मेसेजवर दोन शब्दांत कळवत आले. झाकली मूठ. आई बरी नाही. मला ती ओळखत नाही, तीही मला बाईच म्हणते. कधीही उठते, गॅस सुरू करून ठेवते, दार उघडून चालायला लागते. माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. सकाळी शेजारच्या काकू तिच्याजवळ बसायच्या, त्या दीड महिन्यापूर्वी लेकीकडे राहायला गेल्या. दुसरं कोणी मिळेना. मग मला युक्ती सुचली. शाळेत निघताना मी आईला पलंगावर निजवायचे आणि सांगायचे, सिंह झोपलाय, मी हात लावेपर्यंत हलायचं नाही. मग बाहेरून कुलूप. आई ऐकायची. दुपारी एकला मी यायचे तेव्हा ती तशीच असायची, चादर भिजलेली. मी चादर बदलायचे, तिला शाबासकी द्यायचे. स्वतःच्या हुशारीचं मला कौतुकही वाटायचं, तेही लिहून टाकते.

भिंगरीचा फ्रॉक बदलताना माझे हात थांबले. ही पोर पाऊण तास भिजत पडली म्हणून मला रडू फुटलं होतं. आई रोज पाच तास तशी पडून राहत होती. मला माझी किळस आली.

मागच्या वर्षी तू तिला न्यायला आलीस, तेव्हा मी दारातच म्हणाले होते, "मी अजून मेले नाही. तुझी गरज नाही." तू पाणीही न पिता परत गेलीस. आईला सांभाळणं ही जणू माझी एकटीची मिरास होती. कुणी वाटा मागितलेला मला खपत नव्हता.

कुलूप मी आता लावणार नाही. पण सुट्टी संपल्यावर शाळेत गेले नाही तर नोकरी जाईल, आणि गेले तर तिला कोणावर सोडू? त्याआधी ये आणि तिला घेऊन जा. महिनाभर म्हण, कायमचं म्हण, तू ठरवशील ते. मला हवं तेवढं रागाव, फक्त तिच्यासमोर नको. आवाज चढला की ती घाबरते, आणि का घाबरते ते मी तुला समोरासमोर सांगेन. तिची औषधं आणि सुती गाऊन मी बॅगेत भरून ठेवले आहेत.

ती तुलाही ओळखणार नाही. तरी ये.

हरलेली,
तुझी धाकटी