चिमटा माझ्याकडेच आहे

८ फेब्रुवारी

पावासाठी टोपली खाली सोडली आणि वर ओढली, तर आत नोटीस. बाल्कनीतून दोरी, टोपली, चादर काहीही लोंबकळवू नये, वसाहतीची शोभा जाते. म्हणजे शोभा मी घालवली. समोर नजर पोचेल तिथवर वाळू, एक अर्धवट भिंत, आणि "लवकरच सुरू होत आहे" असा बोर्ड लावून चौदा महिने बंद असलेलं दुकान. वसाहतीच्या नावात बाग आहे. बागेत नुसता पाईप आहे.

जुन्या शहरात, अब्दीन मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत, अडतीस वर्षं हीच टोपली सोडली. पाव यायचा, कांदे यायचे, एकदा समोरच्या इनसाफने मांजराचं पिल्लू बसवून पाठवलं होतं. इथे चौथ्या मजल्याखाली एकटा वॉचमन बखीत. त्याला वरूनच ओरडून सांगितलं, नोटीस परत घे आणि पाव दे. तो म्हणतो, हाजीबाई, इथे पाव गाडीतून आणतात.

शौकीने, माझ्या मुलाने, हौसेने फ्लॅट घेतलाय म्हणून गप्प आहे. हवा चांगली आहे. हे रोज लिहायचं ठरवलंय. हवा चांगली आहे.

९ फेब्रुवारी

आजपासून पेज सुरू. "वाळवंटातल्या ताज्या बातम्या." सुनेने, अब्लाने, फोनवर काढून दिलं. काढताना म्हणाली, आई, हे इनसाफमावशीला दाखवायला का? तिला सांगितलं, समाजासाठी आहे, तू भांडी घास.

इनसाफचं नाव आलंच आहे तर लिहून टाकते. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा ती सगळ्या गल्लीसमोर म्हणाली, जा, शौकीच्या आई, जा वाळवंटात, तिथे काही घडत नाही आणि तुला कुणी विचारणार नाही, महिन्यात परत येशील. मी म्हटलं, माफी मागशील तेव्हाच तुझं तोंड बघेन. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही त्याच दिवशी बाहेर पडले. म्हटलं, हात जोडून परत घेतील.

तीन महिने झाले. घेतलं नाही. त्यांना जमत नसेल, सगळे अडाणी.

१२ फेब्रुवारी

पहिली बातमी टाकली. कारंज्यावर कोल्हा पाणी प्यायला आला. फोटोसकट. कारंज्यात पाणी नव्हतं, तो बिचारा वास घेऊन गेला, पण ते लिहिलं नाही. बातमीत सगळं सांगायचं नसतं.

चार लाईक. त्यात एक लाल बदाम. इनसाफचा.

बघतेय तर! बघ म्हणावं. मी काही तिच्या बदामाकडे लक्ष दिलं नाही. तीनदाच उघडून पाहिलं.

१७ फेब्रुवारी

इंटरनेटवर सापडलं: एका बेटावर माणसं शिट्ट्या वाजवून बोलतात. या डोंगरावरून त्या डोंगरावर. जेवायला ये, बकरी सुटली, सगळं शिट्टीत. पेजवर टाकलं आणि खाली लिहिलं की आमच्याकडे हवा इतकी शांत आहे की शिट्टीचीही गरज नाही.

इनसाफ बाल्कनीतून मला हाक मारायची तेव्हा तिसऱ्या गल्लीतला गाढववाला दचकायचा. ते काही पेजवर टाकायचं नाही. इथेच राहू दे.

पुन्हा बदाम.

२१ फेब्रुवारी

वाळूचं वादळ. भातात वाळू, दातात वाळू. लिफ्ट नऊ दिवस बंद, शौकी धापा टाकत वर येतो आणि माझ्याकडे न बघता म्हणतो, छान आहे ना इथे, आई? छान आहे, म्हटलं.

पेजवर लिहिलं: शुद्ध वाळवंटी वारा, शिवाय जिन्याचा मोफत व्यायाम.

इनसाफने खाली लिहिलं, "दाराखाली ओलं फडकं लाव. दमा उठेल."

मला अक्कल शिकवते! मशिदीमागच्या प्रौढ वर्गात आम्ही दोघी बरोबर बसलो. ती आधी वाचायला शिकली, कारण तिला चष्मा आधी मिळाला. तेव्हापासूनची मास्तरीण.

फडकं लावलं. मी तसंही लावणारच होते.

२६ फेब्रुवारी

जिंकले! इनसाफने लिहिलं, "चिमटा घेऊन ये. एकटीने होत नाही."

चिमटा म्हणजे काहकवर, ईदच्या बिस्किटांवर, नक्षी काढायचा पितळी चिमटा, दातऱ्यांचा. ईदचे काहक दोघी मिळून करायचो, ती मैद्यात तूप चोळायची आणि मी खजूर भरून नक्षी चिमटायची. चिमटा तिच्या आईचा. निघताना तो माझ्या टोपलीत आला. आपोआप आला.

अडतीस वर्षांत एकदाच काहक केले नाहीत, माझे मालक गेले त्या वर्षी. त्यांचा चाळिसावा दिवस व्हायचा होता आणि ईद मध्येच आली. इनसाफ दारोदार फिरली. ज्याच्या घरून तुपाचा वास दौलतच्या, म्हणजे माझ्या, दारावरून जाईल त्याची परात मी रस्त्यात फेकीन, म्हणाली. एका घरानेही परात काढली नाही. पोरं रडली, पण परात निघाली नाही.

असो. "ये" म्हणाली आहे, "माफ कर" म्हणालेली नाही. निश्चय: तिने तीनदा विनवल्याशिवाय जायचं नाही. हे एकदा झालं.

२ मार्च

रमजानचा दुसरा रोजा. दुपारी फोन वाजला. इनसाफचं नाव. अब्ला धावत आली, आई, घेऊ का? म्हटलं, हात लावशील तर बघ. वाजू दे. कळू दे तिला वाट बघणं काय असतं.

परत वाजला. परत नाही घेतला.

तिसऱ्यांदा वाजला. चांगला लांबवर वाजला. अब्ला म्हणाली, आई, काहीतरी असेल हो. म्हटलं, काहीतरी नाही, माफी आहे. चौथ्यांदा वाजला की घेते.

चौथ्यांदा वाजला नाही. उपासाने थकली असेल. उद्या करेल.

९ मार्च

बातमी: मोठ्या रस्त्यावर उंट सुटला, तासभर गाड्या अडकल्या. एवढी मोठी बातमी, बदाम नाही.

इंटरनेटवर सापडलं: कुठेतरी एक बाई फुटलेल्या कपबश्या जोडून त्यांचं घर बांधतेय. बदाम नाही.

बसलीय रुसून. फोन घेतला नाही म्हणून. बसू दे. मला बातम्यांचं काम आहे.

१८ मार्च

उद्या अब्दीनला जाणार. माफी मागायला नव्हे, चिमट्याची नक्षी तिला येत नाही म्हणून. ईदला काहक बोडके झाले तर गल्लीचीच अब्रू जाईल. चिमटा पर्समध्ये ठेवला.

१९ मार्च

गेले नाही. गुडघा. शिवाय बस दोन बदलाव्या लागतात. शिवाय मी आधी गेले तर अडतीस वर्षं ऐकवेल. चिमटा पर्समध्येच आहे.

२७ मार्च

ठरवलं, इथेच करायचे, एकटीने. तूप चोळता चोळता हात भरून आले. अब्लाला म्हटलं, चोळ. ती यूट्यूब बघून चोळते! गल्लीत परात बेकरीच्या भट्टीवर न्यायचो. इथे अब्लाचा इलेक्ट्रिक ओव्हन, त्यालाही मूड आहे. पहिले दोन ट्रे जळले. तिसरा बरा. चौथ्यातले वरचे बारा सुंदर.

त्या बारांवर पिठीसाखर टाकून फोटो काढला, बाजूला चिमटा ठेवला, दिसेल असा. खाली लिहिलं: "वाळवंटातही ईद गोड होते. ज्यांना आमची आठवण नाही त्यांनी डोळे भरून बघावं."

आता कुठे पळेल? इफ्तारच्या आत फोन येणार.

२८ मार्च, सकाळी

फोन नाही. पेजवर एकच उत्तर, गल्लीतल्या इस्त्रीवाल्या सोब्हीचं. जसंच्या तसं उतरवते, कारण मी तीनदा वाचलं आणि दर वेळी तेच होतं.

"शौकीच्या आई, या वर्षी गल्लीत कुणीच परात काढली नाही. इनसाफबाईंचा चाळिसावा दहा एप्रिलला आहे. रमजानच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. मदीहाने आईच्याच फोनवरून तुम्हाला तीनदा लावला, अंत्यदर्शनाला या म्हणून. बाईंना उचलायच्या आधी आम्ही गल्लीच्या तोंडाशी अर्धा तास थांबलो होतो. तुम्हाला लांबून यायचं होतं म्हणून. तुम्ही काहक केलेत. असू द्या."

२८ मार्च, दुपारी

फोटो काढून टाकला. अब्ला म्हणाली, कालपासून एकसष्ट लोकांनी पाहिलाय. मी विचारलं नव्हतं.

अब्ला दारात उभी राहिली. तिने त्या दिवसाचं काही बोलून दाखवलं असतं तर मी तिला झोडलं असतं. तिने नाही दाखवलं. पाणी आणून ठेवलं. रोजा आहे हे विसरली, वेडी.

इनसाफचा नंबर लावला. मदीहाकडे असणार तो फोन. वाजला. घेतला नाही.

परत लावला. नाही घेतला.

तिसऱ्यांदा लावला. चांगला लांबवर वाजला.

चौथ्यांदा लावला नाही. मदीहाला मी हातावर वाढवलंय, तिची जिद्द मला ठाऊक आहे. माझ्यासमोरच शिकली.

२९ मार्च

सगळे काहक टोपलीत भरून खाली सोडले. जळलेलेसुद्धा. बखीतला म्हटलं, गावी ने, माझ्या दारात याचा वास नको. तो नोटिशीचं काही बोलला नाही. दोरी हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, कोण गेलं, हाजीबाई? पाच महिने या माणसाला मी नुसता पाव मागत होते.

पेज बंद करायला सांगितलं. इथे काही घडत नाही. हे ती म्हणालीच होती.

चिमटा घासून रुमालात गुंडाळलाय. दहा एप्रिलला जाणार. दोन बस बदलून, गुडघ्यासकट. मदीहाने दार उघडलं नाही तर उंबऱ्यावर ठेवून येईन.

त्याआधी तिचा फोन येईल. येईलच. म्हणून घरात सगळ्यांना सांगून ठेवलं आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवलं: इनसाफच्या नंबरवरून फोन आला तर अब्लाने हात लावायचा नाही, शौकीने लावायचा नाही. मी नमाजावर असले तरी हलवा, झोपले असले तरी उठवा. पहिल्या रिंगला घ्यायचा. आणि मीच घ्यायचा.