चार लोंब्यांचा आळ

बोईसर
रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

सुकादादा,

तुला आणि घरातल्या सगळ्यांना नमस्कार. सगळ्यांना म्हणजे कोणाला, ते मला ठाऊक आहे. वर्ष झालं, तू एकटाच आहेस घरात.

मी बरी आहे. खोकला होता, गेला. खोलीत पाणी आता सकाळी सहाला येतं. शेजारी बिहारकडची एक बाई राहते, ती रोज विचारते, "दीदी, खाना खाया?" कामाचं सोडलं तर दिवसभरात माझ्याशी बोलणारी तेवढीच. मी हो म्हणते आणि दार लावून घेते.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "हां, बोल" म्हणतोस आणि माझी वाचाच बसते. पत्राला काही तू मध्ये अडवणार नाहीस. सोबत पिशवीत लोंब्यांच्या दोन जुड्या आहेत, एकीला लाल दोरा, एकीला पांढरा. मी सांगेपर्यंत त्या सोडू नकोस.

गेल्या रविवारी बाजारात सोमीवहिनी भेटली. माहेरी पामला राहून ती इथे एका कारखान्यात झाडूकामाला येते. वाळलीय रे फार. स्वरा सोबत होती. तिचे पुढचे दोन दात पडलेत, आणि तुझ्यासारखीच मान वाकडी करून बघते. "आत्या, बाबा कदी येनार?" म्हणाली. मी तिला पेरू घेऊन दिला. दुसरं काय देणार होते?

मग वहिनीनं माझा हात धरला. "जयू, तू शिकलेली हायस. खरं सांग, चार लोंब्यांनी आख्खा भात जातो का गं?"

मी म्हणाले, "वारा होता गं वहिनी."

"वाऱ्याने आमचाच पाडला? शेजारचा नाय?"

मी कोथिंबीर घ्यायला वळले. मला कोथिंबीर नको होती.

दादा, शेत मी पाडलं.

लिहिलं एकदाचं. आता सगळं सांगते. गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत मी घरी आले, तेव्हा तू सातपाटीला बोटीवर होतास आणि वहिनी पोरीला घेऊन माहेरी गेली होती. आमच्या कारखान्यात भरतात त्या औषधाची एक बाटली मी आणली होती. रोपाच्या अंगातच असे रस असतात, दादा. एक सांगतो, वाढ. दुसरा सांगतो, आता वाढणं पुरे, दाणा भर. आमच्या बाटलीत असतो तो वाढवणारा. बियाण्याच्या ठेंगण्या जातींवर तो मारतात, म्हणजे लोंबी पानातून नीट बाहेर निसवते. मी रोज त्याच्या बाटल्या तपासते, मला वाटलं मला सगळं कळतं. तू परत आलास की लांबलचक लोंब्या बघून खूश होशील, एवढंच डोक्यात होतं. पंप पाठीवर घेतला आणि पोटरीला आलेल्या भातावर फवारला. वर आणखी अक्कल म्हणून झाकणभर जास्तच टाकलं.

पण आईचा गरवा लाल भात मुळातच छातीएवढा. तो आणखी हातभर वाढला, दांडा बारीक पडला, आणि दसऱ्याच्या आधी थोडासा वारा सुटला तर सगळा आडवा. लोंबीच्या शेंड्याचे दाणे आधी भरतात, बुडाचे मागाहून. बुडाच्यांची पाळी आली तेव्हा भात चिखलात लोळत होता. नुसती पळींज, पोकळ फोलं, हाती लागली.

त्याच आठवड्यात स्वराला ताप होता. तिच्या पोटात काही टिकेना, म्हणून वहिनीनं बांधावरच्या चार लोंब्या भाजून दाणे चारले. आपल्या धान्याच्या देवीला, कणसरीला, नवं पीक दाखवायच्या आधी. पाड्यावर लगेच बोभाटा झाला की कणसरी रुसली. तू बोटीवरून आलास, शेत बघितलंस आणि अंगणात सगळ्यांसमोर म्हणालास, "हिच्या हाताने माझं शेत गेलं."

दसऱ्यासाठी मी परत घरी आले होते, ओट्यावर उभी होते. तू माझ्याकडे बोट करून म्हणालास, "ईचारा आमच्या जयूला. कंपनीत हाय ती, तिला कळतं." किती अभिमानानं म्हणालास! सगळी माणसं माझ्याकडे वळली. वहिनी पण. आणि मी म्हणाले, "मला काय माहीत."

दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी मी बोईसरला आले, ती परत घरी आलेच नाही. सुट्टी मिळत नाही म्हणाले ते खोटं. तुझा अभिमान जाईल याची भीती वाटली रे, आणि त्यापायी वहिनीचं घर गेलं. लाज वाटते मला. जेवताना तर फार वाटते.

तरी मनात एक चोर होताच, की खरंच वारा असेल, मी नसेन. म्हणून यंदा गच्चीवर दोन टपांत आईचंच बियाणं लावलं, तिनं मला वाळक्या भोपळ्यात भरून दिलेलं. एका टपावर फवारलं, दुसऱ्यावर नाही. ऊन तेच, वारा तोच, आणि फवारलेला तेवढा आडवा झाला. लाल दोरा फवारलेल्याला बांधलाय. आता सोड. बुडाचे दाणे नखानं दाबून बघ, पोकळ लागतील. मग पांढरा सोड.

हे पत्र घेऊन पामला जा. आधी वहिनीला वाचून दाखव, तिच्या आईसमोर. मग पाड्यावर, त्याच अंगणात. कोणी म्हणालं की पोरगी भावासाठी खोटं लिहिते, तर दोन्ही जुड्या त्याच्या हातात दे. पांढऱ्या दोऱ्याचे दाणे मात्र कणसरीला वहिनीनंच दाखवायचे, तिच्याच हातानं. ती आली तर. नाही आली तर तो तिचा हक्क आहे, तू आवाज चढवू नकोस.

मला घरी बोलव असं मी म्हणत नाही. मी दोन वर्षं नवं खाल्लेलं नाही. गच्चीवरचा मूठभर भात शिजवला असता, पण शेजारीण विचारणार, "खाना खाया?" आणि मी हो म्हणून दार लावणार. त्याला काय नवं खाणं म्हणायचं?

पूर्वी पत्रं लिहायचे तेव्हा खाली "तुझी लाडकी जयू" लिहायचे. आज तसं लिहीत नाही. पाड्यावर वाचताना शेवटची ओळ जरा मोठ्यानं वाच.

शेत जिनं पाडलं ती,
जयवंती. सोमी नव्हे.