उकळून, गार करून

८ फेब्रुवारी. सकाळ.
आजपासून रोजनिशी. वाचणारं कोणी नाही, तेव्हा खरं तेच लिहिणार.
समोरचा रस्ता खणलाय. पाण्याचा पाइप आणि गटार दोन्ही उघडे, अगदी गळ्यात गळे घालून. नळाला पिवळसर पाणी, वर वास. जिन्यात नोटीस लागली: पाणी उकळून, गार करून प्यावे. छापखान्यात असताना हेच वाक्य मी स्वतः शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून लावलेलं आहे. खिळे उलटे वाचायचे असतात, त्यामुळे मला ते उलटसुलट दोन्हीकडून पाठ. शाळा सातवीत सुटली, पण पटकीपासून खरजेपर्यंत सगळी पत्रकं या हातांखालून गेली. या घरात आरोग्याचा इतका अनुभव दुसऱ्या कोणाला नाही.
मुलगा म्हणाला, बाबा, फिल्टर आणतो. म्हटलं, मी आहे ना. सूनबाई काही बोलली नाही. तिचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येतं.
ठरलं. पाण्याचं खातं माझ्याकडे. मोठं पातेलं उकळायला, स्टीलचं पिंप प्यायला. इतरांनी हात लावायचा नाही.

१० फेब्रुवारी. दुपार.
पाणी खळाखळा उकळतो. पातेल्यासमोर स्टूल टाकून बसतो, डोळा हलवत नाही. जंतूंचा निकाल.
एकच अडचण. टिकली, म्हणजे माझी नात, शाळेतून तहानलेली आली. पिंपातलं पाणी कढत. जीभ पोळली, भोकाड पसरलं. आई-बाप कामावर. आपोआप गार व्हायची वाट बघावी तर पोरीच्या घशाला कोरड.
मग सुचलं. आंघोळीचं पाणी जन्मभर आपण कसं गार करतो? विसण घालून! नळाचं दोन तांबे गार पाणी ओतलं, बरोबर पिण्याजोगं झालं. आता विसणात जंतू असले तरी कढत पाण्यात पडल्यावर ते जगतील कसे? आपण पडलो तर जगू का?
टिकली गटागटा प्यायली. म्हणाली, आजोबांचं पाणी बेस्ट.
रोज असंच करणार. सूनबाईला सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं.

१६ फेब्रुवारी.
इमारतीत जुलाबाची साथ. वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड पोस्टमास्तर (आम्ही त्यांना बुलेटिन म्हणतो) मजलावार बातम्या देत फिरतात. जिन्यात उभं राहून मी लोकांना उकळण्याचं महत्त्व सांगितलं. चार जण ऐकत होते. दोघं पोट धरून मध्येच पळाले.
आमचं घर ठणठणीत. माझ्या पोटात कालपासून कळा येतात, पण तो वयाचा भाग.

२२ फेब्रुवारी.
टिकलीला ताप. उन्हात हुंदडते, दुसरं काय. म्हटलं, दोन दिवसांत उतरेल, पाणी भरपूर पाजा. मीच पाजतोय.

२६ फेब्रुवारी. संध्याकाळ.
उतरला नाही. उलट रोज चढतोय. जीभ पांढरी, डोळे खोल. डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं होतं. म्हणाले, टायफॉईड. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, विषमज्वर नाही हे नशीब. त्याचं पत्रक मी जुळवलेलं आहे, फार वाईट दुखणं. डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, आजोबा, टायफॉईड म्हणजेच विषमज्वर.
जीव परत भांड्याबाहेर.
विचारलं, पाणी कुठलं पिता? छाती पुढे काढून सांगितलं, उकळलेलं, माझ्या देखरेखीखाली. विचारलं, बाहेरचं काही खाल्लं होतं? तेव्हा सूनबाईला आठवलं, एका दुपारी टिकली तळमजल्यावरच्या मावशींकडे जेवली होती.
सापडला चोर.

२७ फेब्रुवारी.
मावशी एकट्या राहतात. जेवणाचे डबे करून देतात, त्यावरच त्यांचं चालतं. गेलो. सरळ विचारलं, मावशी, स्वयंपाकाआधी हात धुता का? कणकेचे हात तसेच वर धरून म्हणाल्या, तुम्ही बोलण्याआधी तोंड धुता का आजोबा? या आत, बघा काय बघायचं ते. गेलो नाही. आत जाऊन काय दिसणार? जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.
घरी येऊन आरोग्य खात्याला अर्ज लिहिला. छापील भाषेत. 'सदरहू महिला', 'त्वरित बंदोबस्त'. अक्षर सुंदर आलं.

३ मार्च.
टिकली हॉस्पिटलात. पहिलं औषध लागू पडेना. डॉक्टर म्हणाले, हल्लीचे जंतू नेहमीच्या औषधांना जुमानत नाहीत, दुसरं सुरू केलंय, पण आतड्याला भोक पडायची भीती आहे. सूनबाई भिंतीला टेकली. मुलगा खिडकीतून बाहेर बघत राहिला. बाहेर नुसत्या स्कूटरी उभ्या होत्या.
मी रोज घरचं पाणी थर्मासमधून नेतो. हॉस्पिटलच्या पाण्याचा काय भरवसा? नर्सनं विचारलं, उकळलेलंच आहे ना? म्हटलं, बाई, तुम्ही जन्मला नव्हतात तेव्हापासून मला ते माहीत आहे.
टिकलीचं मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. एक घोट घेतला. डोळे न उघडता म्हणाली, आजोबांचं.
मावशींचं स्वयंपाकघर तपासणी होईपर्यंत बंद. दाराशी रिकाम्या डब्यांची चळत. योग्यच झालं. रात्री मला जेवण मात्र गेलं नाही.

७ मार्च.
आरोग्य खात्याच्या तपासनीस बाई आल्या. सूनबाई टिकलीचे कपडे न्यायला घरी आली होती, ती चहा ठेवायला लागली. बाई म्हणाल्या, मावशींकडे काही सापडलं नाही, त्यांचं आजपासून चालू. दोष रस्त्यातल्या पाइपचा, गटार मिसळतंय. पण आजोबा, जे उकळून प्यायले त्यांच्याकडे कोणाला टायफॉईड नाही. तुमच्याकडे कसा? कसं उकळता, दाखवता का?
का नाही दाखवणार? स्टूल टाकलं. पातेलं ठेवलं. उकळी आली, मी बोट वर करून सांगितलं, हा निकाल. बाई लिहून घेत होत्या. म्हणाल्या, छान, असंच पाहिजे. मग मी पिंपात ओतलं आणि वर दोन तांबे घातले.
पेन थांबलं. म्हणाल्या, हे काय?
म्हटलं, विसण.
कुठलं?
नळाचं. दुसरं कुठलं असणार?
बाई म्हणाल्या, अहो, अशानं पाणी कोमट होतं. त्यात जंतू मरत नाहीत, बाळसं धरतात. मी म्हटलं, पण कढत पाण्यात पडल्यावर ते जगतील कसे? त्या म्हणाल्या, आजोबा. एवढंच.
सूनबाई मागे उभी होती. पुढे आली, हॉस्पिटलसाठी भरलेला थर्मास उचलला आणि मोरीत ओतला. मग पिंप आडवं केलं. मी अगं, अगं म्हणत होतो. पाणी जाईपर्यंत ती तिथेच बसून होती. पदराआड तिचे खांदे हलत होते.
चहा उतू गेला.

९ मार्च.
चूक नोटिशीत आहे. 'गार करून' म्हटलंय. कसं, ते कुठे म्हटलंय? हा मजकूर लिहिणाऱ्याचा दोष, जुळवणाऱ्याचा नव्हे. खात्याला कळवणार. कागद घेतला, 'सदरहू' लिहिलं. पुढे सुचेना.
मुलगा म्हणाला, बाबा, तुमचं पोट तपासून रिपोर्ट येईपर्यंत हॉस्पिटलात येऊ नका. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उलट बोलता आलं असतं.
मावशींना भेटायचं ठरवलं. शेवटच्या पायरीपर्यंत गेलो. आतून भांड्यांचा आवाज येत होता. परत आलो. गुडघे दुखतात हल्ली.

१४ मार्च.
ताप उतरला. फोन मुलानंच केला. मी रडलो वगैरे नाही, वाफ गेली डोळ्यांत. लिहून ठेवल्यावर लक्षात आलं की शेगडी बंद होती.

२१ मार्च. संध्याकाळ.
टिकली घरी आली. वजन गेलंय, डोळे तेवढे जागेवर आहेत. माझा रिपोर्ट चांगला आला.
सकाळी जिन्यात नवी नोटीस लागली. पाणी उकळून, झाकून, आपोआप गार होऊ द्यावे. खाली ठळक अक्षरांत: उकळलेल्या पाण्यात नळाचे विसण घालू नये. जन्मभर दुसऱ्यांचा मजकूर जुळवला. पत्रकात माझी ओळ आली ती अशी.
लोक जमले होते. बुलेटिन खो खो हसत म्हणाले, उकळून वर विसण! असा कोण शहाणा असतो हो? सगळे हसले. मीही हसलो. म्हटलं, खरंच, कमाल आहे.
मावशी डबे घेऊन निघाल्या होत्या. थांबल्या. माझ्याकडे बघितलं. खात्यातल्या बाईंनी त्यांना सगळं सांगितलं असणार. वाटलं, आता बोलतात. मी कठडा धरला. त्यांनी एक डबा माझ्या हातात दिला. म्हणाल्या, मऊ भात आहे, पोरीला गरम गरम घाला. आणि गेल्या. चार शब्द बोलायचं ठरवलं होतं, ते आता उद्या.
टिकली जेवली. भांडंभर पाणी मागितलं. मी सवयीनं उठलो. ती माझ्या हाताला धरून हळूच म्हणाली, आजोबा, तुम्ही बसा ना. आई देईल.
बसलो.