मुकुंदवाडीचं घर गोदाच्या नावे, परत यायला कारण म्हणून

सगळ्यात आधी आली ती गल्लीतली मनकर्णाबाई, जिला बोलावलंच नव्हतं. तिच्या मागून माझी शेजारीण नजमुन्निसा, आणि तिची वकील नात जाहेदा. वैजापूरचे पाहुणे, म्हणजे माझ्या नातीचे होणारे सासू-सासरे, सकाळच्या गाडीनं येतो म्हणाले होते ते जेवणवेळ टळल्यावर आले. येताना पिशवीभर कांदे आणले, तेव्हा नातं अजून शाबूत आहे असं मी धरलं. एवढी माणसं माझ्या मरणाच्या कागदासाठी जमली हे पाहून मला लई बरं वाटलं. चहाला दूध पुरलं नाही.

तर लिहून ठेवणारी मी, भागूबाई कडूबा शेजूळ, माहेर देवगाव रंगारी, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर. जन्म पोलीस ॲक्शनच्या सालचा. आई सांगायची, रझाकार गेले अन् तू आलीस. शाळा दुसरीपर्यंत, पुढचं लिहिणं साक्षरता वर्गात शिकले, म्हणून अक्षर मोठं आहे. डोकं ठिकाणावर आहे, डावा कान तेवढा कमी आहे. माझ्यावर कुणी जोर केला नाही, उलट मीच सगळ्यांना बसवून ठेवलं आहे. कायद्याचे शब्द जाहेदा सांगते, बाकीचं माझं.

कलम पहिलं. मुकुंदवाडीतलं माझं घर, दोन खोल्या, वर पत्रे, मागं मोरी आणि दारातलं शेवग्याचं झाड, हे सगळं माझी नात गोदावरी हिला द्यावं. गोदा माझ्या पुंजारामची मुलगी, पण आई गेल्यापासून माझ्याजवळ वाढली. पुंजारामचा वाळूजला फ्लॅट आहे. त्यानं वाईट वाटून घेऊ नये. त्याला विचारलं तर म्हणाला, "आई, तुला करायचं ते कर, फक्त मला साक्षीला उभं करू नको." तो लहानपणापासून असाच, भांडणापासून लांब.

हे घर कसं झालं तेही लिहिते. मालक मनमाडला रेल्वेच्या कामावर होते. शनिवारी पॅसेंजरनं यायचे, सोमवारी जायचे. मी म्हणाले, जागा घ्यायची तर रुळाजवळ घ्या, गाडीचा आवाज आला की मी तवा ठेवते. बारा वर्षं आमचा संसार असा चालला. तिकीट काढलं की भेट. तुम्ही परत जाल कशावरून, असं त्यांना कुणी विचारलं नाही.

गोदाला मात्र विचारतात. तिचा होणारा नवरा बद्रीनाथ, वैजापूरच्या कारभारी मगर यांचा मुलगा, कॅनडात वेल्डिंग करतो. दोघांनी एकमेकांना अजून समोरासमोर पाहिलेलं नाही. स्थळ आलं तेव्हा तो तिकडंच होता. येतो येतो म्हणता त्याच्या कामाच्या परवान्याची मुदत संपत आली, तो नव्यानं मागितला आहे, आणि उत्तर येईपर्यंत देशाबाहेर पडला तर परत आत घेतील याची खात्री नाही. म्हणून साखरपुडा आम्ही फोनवर केला. पाट मांडला, पाटावर तांब्या, तांब्याला फोन टेकवला, आणि फोनात बद्री टोपी घालून बसला. मला राहवलं नाही. मी फोनाला हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या, ओवाळलं. हळद त्या बारक्या भोकांत गेली. तेव्हापासून बद्रीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो.

त्या साखरपुड्याचाच फोटो गोदानं व्हिसाच्या अर्जाला जोडला, ओळखीचा पुरावा म्हणून. फोटोत ती, पाट, आणि हळद लावलेला फोन. आता तिकडच्या साहेबाला काय कळावं.

जाहेदानं मला सगळे रस्ते समजावून सांगितले, ते मी समजले तसे लिहिते. नवऱ्याकडं बायको म्हणून जायचं तर आधी लग्न पाहिजे, आणि फोनावरचं लग्न ना इथं चालतं ना तिथं; दोघं एका जागी पाहिजेत. मधल्या कुठल्या देशात भेटावं तर बद्रीला बाहेर पडता येत नाही. राहिला पाहुणी म्हणून जायचा व्हिसा. तो दोनदा नाकारला. कारण दिलं की अर्जदार परत येईल असं वाटत नाही. वय कमी, लग्न नाही, नावावर काही नाही, मागं ओढणारं कुणी नाही.

"आजी हाय की मागं," मी म्हणाले. "तू लिहिलं नव्हतंस का?"

"लिहिलं होतं," गोदा म्हणाली. "पहिल्याच पानावर."

म्हणजे वाचूनसुद्धा मी मोजले गेले नाही. बरं. मग घर तरी मोजतील. म्हणून हे घर तिला.

कलम दुसरं. बद्रीसाठी शिवलेली वाकळ ट्रंकेत आहे. मधे माझी जुनी लुगडी, वर गोदाच्या शाळेच्या ड्रेसची निळी चौकट. रोज संध्याकाळी मी भाकरी थापते तेव्हा तिकडं त्याची सकाळ असते. तो पाव खातो आणि विचारतो, "आज्जी, भाजी काय?" मी कढई फोनापुढं धरते. परवा त्यानं खिडकीतून बर्फ दाखवला. म्हणून वाकळ. न्यायला जाणारं माणूस मिळालं नाही तर ती ट्रंकेतच ठेवावी, दुसऱ्या कुणाला अंथरू नये.

कलम तिसरं. दाभण, सुया, कैची नजमुन्निसाला. ती म्हणते, "भागू, मरने की बातां कायकू करती गे? मेरेकू दिसता क्या सुई में धागा डालने?" दिसत नसलं तरी तिनंच ठेवावं. माझा खलबत्ता पुतण्या सांडूकडं आहे, चार वर्षांपूर्वी मसाल्याला म्हणून नेला. तो त्यालाच दिला असं धरावं, म्हणजे मला पुन्हा मागायचा त्रास नाही आणि त्याला तोंड चुकवायचा नाही.

कलम चौथं. लाल प्लास्टिकची खुर्ची मनकर्णाबाईला. त्याच खुर्चीत बसून ती साखरपुड्याला म्हणाली होती, "भागूबाई, जावई फोनातून बाहेर कधी निघायचा?" आत्ताही ती त्यातच बसली आहे. हे वाचून दाखवल्यावर म्हणाली, "एक पाय मोडलेला हाय तिचा." मी म्हणाले, म्हणूनच.

कलम पाचवं. हळद गेलेला फोन बद्रीला. दुरुस्त करू नये.

कलम सहावं. मी घर दिलं म्हणून गोदानं त्यात परत आलंच पाहिजे अशी अट नाही. तिला तिकडं करमलं, बद्रीला तिकडं बरकत आली, तर घराला कुलूप लावावं किंवा विकावं. शेवगा तोडू नये एवढंच.

इथं जाहेदानं पेन धरलं. "आजी, हे कलम खोडा. आपण तिकडं सांगणार की घर हाय म्हणून ती परत येईल, अन् तुम्ही लिहिता येऊ नको."

"येऊ नको कुठं लिहिलं? आली तर आली."

"साहेबाला असं चालत नाय."

"साहेबासाठी वेगळं मरू का मी?"

गोदा चहाचे कप गोळा करत होती. ती तशीच थांबली आणि म्हणाली, "आजी, घर दे नाय तर नको देऊ. मला एकदा त्याच्या समोर बसून चहा प्यायचाय. हात लांब केला तर हात लागंल, एवढ्या अंतरावर. मग मी येते परत. खरंच येते."

कारभारींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. ते वाईट माणूस नाहीत. म्हणाले, "बाई, घर पोरीच्या नावावर झालं तर पुढच्या अर्जाला जोडता येईल ना? मग काय अडलं?"

मला वाटलं होतं तेच त्यांनाही वाटलं होतं. मी तर सही झाली की उद्याच कागद पाठवायचा असं धरून बसले होते, म्हणून तर सगळ्यांना बोलावलं. जाहेदा हळूच म्हणाली, "मृत्युपत्र आजी गेल्यावर लागू होतं. तोवर घर आजीचंच. कागद अर्जाला जोडू, पण साहेब त्याला घर धरीलच असं नाय."

"मग जितेपणी द्या," कारभारी म्हणाले.

ते आम्ही आधीच विचारून आलो होतो. जागा गुंठेवारीची, बाँड पेपरवर घेतलेली, अजून कायदेशीर व्हायची आहे. तोवर बक्षीसपत्राची नोंदणी होत नाही. फाईल वर्षापासून पडून आहे.

तेव्हा असं झालं. मी आहे तोवर गोदाला परत यायला मी आहे, पण मला धरत नाहीत. घराला धरतील, पण घर मी गेल्यावर. आणि मी गेल्यावर ती इथं कुणासाठी येईल हे मला सांगता येत नाही. नजमुन्निसानं माझा हात धरला. मी म्हणाले, "घाई करू का मग?" मला हसू आलं, आणि मी एकटीच हसले.

निघताना कारभारींनी सांगायचं ते सांगितलं. "पोरगं तिशीच्या पुढं गेलं. तिकडं एकटं हाय. आणखी किती वाट पाहायला लावायची दोघांना? आखितीच्या सणापर्यंत बघू. व्हिसा मिळो का बद्रीचा परवाना येवो, एक काहीतरी झालं तर तारीख काढू. नाय तर साडी-अंगठी परत घेऊन पोरीला मोकळी करू. तिचंच भलं त्यात." आशाबाई, माझी विहीण, उठली. तिनं गोदाच्या गालाला हात लावला आणि कांद्याची पिशवी आत नेऊन ठेवली.

कलम सातवं, आत्ताच सुचलेलं. साखरपुड्याची हिरवी साडी माझी नाही, गोदाची आहे, म्हणून ती मला देता येत नाही आणि परत करायचं कबूलही करता येत नाही. तिसरा अर्ज गोदा उद्या भरते आहे. त्यात मागं कोण आहे या जागी माझं नाव या वेळी ठळक लिहायला सांगितलं आहे.

सहावं कलम मी खोडलेलं नाही.

वर आहे ते मी स्वतःच्या हातानं लिहिलं आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं आहे. यात बदल करायचा तर मीच करीन, जिती असेपर्यंत.

सही : भागूबाई कडूबा शेजूळ

साक्षीदार : नजमुन्निसा (अंगठा; जाहेदानं नाव लिहिलं)
साक्षीदार : कारभारी मगर, वैजापूर (सही करताना म्हणाले, "देव करो अन् हा कागद लई वर्षं कामी न येवो." नंतर गोदाकडं पाहिलं आणि टोपी घातली.)

ठिकाण : मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर
तारीख : ८ फेब्रुवारी २०२६, रविवार

पाहुणे परत येतो म्हणाले तो दिवस : आखिती, म्हणजे अक्षय्य तृतीया, १९ एप्रिल, तोही रविवारच. त्या दिवशी मी गेलेल्यांच्या नावानं घागर भरते आणि पहिला आमरस करते. माझ्या नावानं भरायची वेळ आली असेल तर घर गोदाचं झालेलं असेल. नसेल आली, तर रस सहा जणांचा धरावा, आणि एक वाटी फोनापुढं.