नागपूरला कोण जाणार

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

दिवाळीपासून तुला उघडलं नाही, वही. एवढा उशीर झाला त्याची माफी असावी. बरं चाललं असलं की माणसाला लिहायचं सुचत नाही. आज सुचलं.

संस्थेच्या सरिता मॅडम मैदानावर आल्या. चहा पिता पिता म्हणाल्या, "धोंडिबा काका, नागपूरला राज्याच्या स्पर्धेला करुणासोबत इंद्रजीत जाईल. तुम्ही आराम करा. तिकडं थंडी लई असते."

थंडी! चितेगावच्या कंपनीच्या गेटवर सगळा जन्म थंडीत काढला मी, तेव्हा कुणी आराम करा म्हणालं नाही.

रिटायर झाल्यापासून पडेगावच्या या संस्थेत येतो. इथली मुलं-मुली अंगानं मोठी, समज लहान मुलाची. लोक वेडी म्हणतात, मॅडम खेळाडू म्हणतात. मी सातवीत शाळा सोडलेला, पण कंपनीच्या स्पर्धांत गोळाफेकीत माझं नाव होतं. तेवढ्यावर शिकवायला घेतलं. करुणा पहिल्या दिवशी गोळा ओढणीत बांधून घरी निघाली होती. आज ती जिल्ह्यात पहिली आहे. गोळा मानेला कसा टेकवायचा, पाय कुठं ठेवायचा, सगळं माझं. मी "सोड" म्हटल्याशिवाय तिचा हात हलत नाही. मग नागपूरला "सोड" कोण म्हणणार? इंद्रजीत? तो उन्हाळ्यात आलेला पोरगा. खेळाची डिग्री आहे म्हणे.

शनिवार, ४ जानेवारी

दगडाबाईला सांगितलं. भाकरी थापत म्हणाली, "बरं झालं. जिल्ह्याच्या टायमाला गोळा पोरीच्या हातात आन् तुमच्या पोटात."

बायकोच अशी, मग परक्याला काय बोलायचं. जिल्ह्याला मी काय वाईट केलं? पाणी पाजलं. दोनदा लघवीला पाठवलं. बुटाची नाडी सोडून परत बांधली. हात गार पडला का बघितलं, पोटात दुखतं का विचारलं, पुन्हा विचारलं. उन्हाचं डोकं दुखेल म्हणून टोपी घातली, टोपीनं दिसणार नाही म्हणून काढली. काळजी करणारा माणूस आता कुणाला नको आहे.

बुधवार, ८ जानेवारी

आज जे बघितलं ते लिहूनच ठेवतो.

बुधवारी मैदान बंद असतं. माझा मफलर तिथं राहिला होता म्हणून गेलो. तर लिंबाखाली करुणाची आई मनकर्णाबाई बसलेली, आणि आखलेल्या गोलात करुणा! समोर इंद्रजीत पांढरा रुमाल घेऊन उभा. तोंडानं काही नाही. रुमाल वर केला की तिनं गोळा टाकायचा.

मला बघून करुणा हसली. मला वाटलं, आता थांबेल, माझ्याकडं बघेल. तिनं रुमालाकडं बघितलं आणि टाकला. माझ्या शब्दाशिवाय. लांब गेला. हेच जास्त लागलं.

मनकर्णाबाई उठली. "काका, आज तुमी कसे काय?"

म्हणजे मी नसतो तोच वार धरला होता यांनी! किती बुधवार चाललं होतं कोण जाणे. शुक्रवारी हीच बाई मला म्हणाली होती, "तुमच्याबिगर पोरीचं पान हलत नाय."

इंद्रजीतला म्हणालो, "चोर आहेस तू. तयार झालेली पोरगी चोरलीस."

त्यानं वर बघितलंच नाही. "व्हय काका. माझंच चुकलं," म्हणाला.

मफलर तिथंच राहिला.

गुरुवार, ९ जानेवारी

सरिता मॅडम घरी आल्या. पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, राज्याला नियम कडक आहे. शिकवणाऱ्यानं दोरीच्या बाहेर गप्प उभं राहायचं. बाहेरून आवाज आला तर ती फेक बाद. पंच पांढरा झेंडा दाखवतो, त्यावर टाकायचा. म्हणून रुमालाची सवय.

मी म्हणालो, "मग मला सांगायचं. मीच रुमाल धरला असता."

त्या उठून चप्पल शोधायला लागल्या.

"तोंडावर हात ठेवून उभा राहतो मी. नुसता येऊ द्या."

"गाडीत जागा नाही, काका."

"जनरलनं येतो."

"काका, तुम्ही समजून घ्या ना."

काय समजून घ्यायचं ते काही सांगेनात. दारापर्यंत गेल्या, परत आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या. दगडाबाई म्हणाली, "बाईच्या डोळ्यात पाणी होतं."

असेल. खोटं बोलताना येतं काहींच्या.

रविवार, १२ जानेवारी

मैदानावर गेलो नाही. कुणाचा फोनही नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. त्यांची गाडी आज आहे. मी जाणार नव्हतो. दगडाबाईनं तिळाचे लाडू बांधून हातात दिले. "भांडण मोठ्यांचं. पोरीनं काय केलंय?"

खरं आहे. तिला काय कळतं. जाऊन येतो. पण इंद्रजीतला लाडू देणार नाही.

बुधवार, १५ जानेवारी

काल आल्यावर लिहवलं नाही.

करुणा खिडकीशी बसली होती, माझा मफलर गळ्यात. लाडू दिला. मॅडम आणि इंद्रजीत शेजारीच होते. त्यांना ऐकू जावं म्हणून मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "करुणा, तुझ्या काकाला कुणी मागं ठेवलं गं?"

मनकर्णाबाई म्हणाली, "करुणे, लाडू खा." पण करुणाला कधी खोटं जमलं नाही. तिनं घास गिळला आणि सांगितलं, "मी. मीच मॅडमला म्हनलं, काका नगं. काका लई भेतेत. मंग मला बी भ्या वाटतं."

इंद्रजीत बाटलीचं झाकण लावत बसला. थंडी, गाडीतली जागा, "माझंच चुकलं" — सगळं मला हे ऐकावं लागू नये म्हणून. गाडी हलली तेव्हा करुणानं हात केला. हसत होती.

उरलेला लाडू मी इंद्रजीतच्या हातात कोंबला होता. त्यानं खाल्ला का नाही, माहीत नाही.

आज तिची फेक आहे. भ्यायचं ते मी इथंच बसून भितो, तिथंवर पोचणार नाही. करुणा, लांब जाऊ दे, जवळ पडू दे, काही म्हणणार नाही मी. फोन हातात धरून बसलोय. झालं की लगेच कळव गं बाई.