काकूचा दुसरा रोल

नागपूर, ५ मे २०२५

ती. रुपरावकाकांस,
काजलचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. जयवंताकाकू गेल्यावर तिच्या कॅमेऱ्याच्या पिशवीत दोन रोल निघाले होते. त्यातला एक काल धुतला. पट्टी कोरी निघाली, काचेसारखी. सामान तुमच्याच स्टुडिओचं, पद्धतही तुम्ही शिकवलेली, तरी असं का झालं कळत नाही. रडून डोळे सुजले. दुसऱ्या रोलला हात लावायची हिंमत नाही.

वेळेवर जेवत जा. रागावलात तरी माया असू द्या.

तुमची,
काजल

भिवापूर, १० मे

चि. काजलला अनेक आशीर्वाद.

पट्टीच्या कडेला आकडे दिसतात का बघ. दिसले तर रोल मुळातच कोरा होता. नसले तर फिल्म धुवायचा डेव्हलपर मेलेला होता. अर्धी उरलेली बाटली वापरली असशील, तीही या उन्हाळ्यात. हवा लागली की तो चहासारखा लाल पडतो. तुझी काकू उरलेल्या बाटलीत काचेच्या गोट्या टाकायची, द्रव तोंडापर्यंत चढेस्तोवर. मग हवेला जागाच नाही.

नवा कालव. आधी फिल्मचं बाहेर राहिलेलं टोक कापून उजेडातच त्यात टाक. काळं पडलं तरच पुढे जा.

दुसऱ्या रोलची मला घाई नाही. खरं म्हणजे भीतीच वाटते. तिच्या आजारपणाच्या त्या थंडीत घरात आम्ही दोघंच, तिला उठवून बसवायलाही माणूस लागायचा, आणि मला खुर्चीत बसल्या बसल्या झोप लागायची. ती जागीच असायची. तिला काय वाटलं असेल, एवढंच मनात येत राहतं.

थकलो, इथेच थांबतो. लोभ आहेच.

रुपरावकाका

नागपूर, १९ मे

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

आकडे नव्हते. पहिला रोल माझ्याच हातून गेला. सीताबर्डीत गोट्या मागितल्या तर दुकानदाराने विचारलं, पोरगा केवढा आहे. बाटली आता काठोकाठ भरून माठाशेजारी, अंधारात ठेवली आहे.

टोक काळं पडलं, मग दुसरा धुतला. पट्टीभर तुम्हीच आहात, काका. खुर्चीत, तोंड उघडं टाकून झोपलेले. जवळजवळ सगळे फोटो काकूच्या पलंगावरून काढलेत. मी भेटायला आले होते तेव्हाही काकू म्हणाली होती, उठवू नको वं त्यायले.

शेवटचे दोन वेगळे आहेत. एकात तुम्ही तसेच कुडकुडत झोपलात. दुसऱ्यात तुमच्या अंगावर काकूचं ब्लँकेट आहे, आणि तो फोटो पलंगावरून काढलेला नाही. अगदी तुमच्या खुर्चीपाशी उभं राहून काढलाय.

प्रिंट घेऊन रविवारी येते. लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची,
काजल