कपाटाची भोकं

मंगळवार, भर चैत्र

आज मी घर जाळलं असतं.

अनिलनं, माझ्या लेकानं, टीव्हीखालच्या कपाटात होम थिएटर बसवलं. कपाटाच्या पाठीला सुतारानं दोन भोकं पाडलेली. मला मेलीला वाटलं, उंदरांनी कोरली. उंदीर एवढं गोल कोरतो का? जुन्या लुगड्याचे बोळे आत घट्ट कोंबले, धूळ नको म्हणून दारं बी लावली.

संध्याकाळी सिनेमा चालू असताना आवाज एकदम बंद, अन् जळका वास. अनिलनं दार उघडलं तर तव्यासारखी धग. यंत्राला टेकलेला बोळा काळा पडलेला.

"आई, ती भोकं हवेसाठी होती. कोंडलं की यंत्र मरतं."

"व्हय? अन् माणूस?"

माझ्या खोलीला खिडकी नाय. टँकरच्या पाण्यात कूलर कुठून भरायचा? कोरडाच पडलाय.

"उद्या सुतार येतोय. आणखी दोन भोकं पाडून घेतो."

"एक माझ्या भिंतीला पाड म्हणावं."

अनिल हसला. सून हसली नाय. उठून माझ्या खोलीत गेली, भिंतीला हात लावून आली.

"अहो," ती म्हणाली, "त्या खोलीपेक्षा कपाट बरं म्हणायचं."